खाडा आणि विसावा

चौसाळ्याच्या आठवडी बाजारात पाटी मांडून बसलेल्या एखाद्या बाईला सांगून पाहावं, "मावशी, रोज अर्धा तास चालत जा, मन हलकं होईल." ती आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघेल, मग शेजारणीकडे, आणि मग दोघी पदर तोंडाला लावून हसतील. पहाटे पाणी, शेणकूर, भाकऱ्या. मग रान, खुरपं. येताना डोक्यावर गवताचा भारा. संध्याकाळी पुन्हा चूल. "आता आणखी कुठं चालू, बाबा?" हा प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. नैराश्यावर व्यायामाचा उपाय सांगणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचं उत्तर द्यावं लागेल.

चौसाळा बीड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर. बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचं पठार लागतं, आणि त्या पठारावर पुढे हे गाव. अजून पुढे गेलं की धाराशिव जिल्हा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत विधानसभेत चौसाळा नावाचा मतदारसंघ होता. आता ते नाव जुन्या निवडणुकांच्या गप्पांत तेवढं उरलं आहे. पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली गावंच्या गावं हलतात. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, त्यांवर भांडीकुंडी, शेरडं, लेकरं. मुक्काम कुठं तर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत. घरी उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. दोन माणसं, चार हात, आणि मुकादमाच्या वहीत एक हत्यार. पहाटेच्या अंधारात फड सुरू होतो. तो ऊस तोडतो, ती साळून मोळ्या बांधते. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. शरीराच्या हालचालीचं एवढं मोठं माप कुठल्या व्यायामशाळेत भरत नसेल. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत अंग मुकादमाकडे गहाण. आजारपण आलं, पाळी आली, लेकरू तापलं म्हणून एक दिवस घरी बसलं तर त्याला 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचा दंड पडतो. राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या आकड्यामागे कारणं अनेक असतील. पण 'खाडा' हा शब्द माहीत असला की त्यातलं एक कारण समजावून सांगावं लागत नाही.

घाम गाळल्याने मन बरं राहत असतं, तर बीड जिल्हा देशातला सर्वांत आनंदी जिल्हा ठरायला हवा होता.

इथे विज्ञान त्या बाजारातल्या बाईच्या बाजूने उभं राहतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून एक साधी गोष्ट तपासली: हालचाल नेमकी कुठली? फावल्या वेळातली, जाण्यायेण्यातली, घरकामातली की पोटासाठीच्या कष्टातली? फावल्या वेळातल्या हालचालीचा आणि कमी नैराश्याचा संबंध दिसला, पायी किंवा सायकलने जाण्यायेण्याचा संबंध मन चांगलं राहण्याशी दिसला. घरकाम आणि मजुरीच्या बाबतीत तसा दिलासा मिळाला नाही. स्नायूंना काय ठाऊक की आपण फडात आहोत की मैदानात? पण डोक्याला ते पक्कं ठाऊक असतं.

असं का, याची उत्तरं अजून शोधली जात आहेत. फडातल्या घामामागे कर्ज असतं, अपुरी झोप असते, अपमान असतो. या सगळ्याचं ओझं मोळीपेक्षा जास्त भरतं. त्यातली एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघण्याजोगी आहे. व्यायाम करणाऱ्याला थांबता येतं. दमलो, बसलो, उद्या बघू, असं म्हणण्याची मुभा त्याला असते. ही मुभा फुकटची वाटते, पण सगळा फरक बहुधा तिच्यातच असावा.

आता याच महामार्गावरचं दुसरं चालणं.

ज्येष्ठ-आषाढात मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. वारीतल्या सगळ्यांत लांबच्या वाटांपैकी ही एक, साडेपाचशे किलोमीटरहून अधिक. चालायला महिन्याहून जास्त दिवस लागतात. जालना, गेवराई करत ती बीडला येते. तिथे मुक्ताईंचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी आहे असं मानतात, म्हणून बीडच्या मुक्कामाला नात-आजोबांच्या भेटीचा गोडवा असतो. मग पाली ओलांडून, घाट चढून पालखी चौसाळ्याला येते आणि पुढे भूमच्या वाटेला लागते. तोवर ऊसतोडीचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं गावी परतून दोन-तीन महिने झालेले असतात. मृगाने वेळेवर हजेरी लावली असेल तर पेरणी उरकलेली, नसेल तर नजर आभाळाकडे.

वारीतही पाय दुखतात, फोड येतात, ऊन लागतं. अंतर फडापेक्षा कमी नाही. पण तिथे दर काही कोसांनंतर एक ठरलेली जागा येते आणि तिला 'विसावा' असं नाव आहे. पालखी टेकते, माणसं झाडाखाली बसतात, कुणी भाकरी सोडतं, कुणी तंबाखू मळतं, एखादी गौळण सुरू होते. विसाव्याला दंड नाही. उलट विसावा चुकवून पुढे पळणाऱ्या वारकऱ्याकडे दिंडीतली माणसं चमत्कारिक नजरेने बघतील. ज्या मुलखाने खाडा हा शब्द पचवला, त्याच मुलखाच्या बोलीत विसावाही आहे. एकाच रस्त्यावरून, एकाच वर्षात, थोड्याफार त्याच पायांनी.

वारीने नैराश्य जातं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तसा पुरावा नाही, आणि श्रद्धेच्या गोष्टीला औषधाची बाटली बनवण्यात काही मोठेपणाही नाही. मात्र वारीच्या एका भावंडाचा अभ्यास झाला आहे. २०११ च्या प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर नदीकाठी कल्पवास करणाऱ्या ४१६ जणांची आणि न गेलेल्या १२७ जणांची भारतीय व ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी आधी आणि नंतर विचारपूस केली. कडाक्याची थंडी, गोंगाट, गर्दी, जेवणाची आबाळ असूनही जाऊन आलेल्यांना आपली तब्येत आणि मन आधीपेक्षा बरं वाटत होतं. एका गोष्टीसाठी सोबत जमलेल्या माणसांचं असणं हे त्यामागचं कारण असावं, असं त्यांनी मांडलं. दिंडीतल्या कुठल्याही म्हातारीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, "मग? एवढं शिकून हेच सापडलं का?"

व्यायामाच्या बाजूचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे, आणि त्याचा पाया बराचसा चालण्यावरच उभा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल यांनी १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले. एकाला गोळी, एकाला आठवड्यातून तीन वेळा भरभर चालणं किंवा धावणं, एकाला दोन्ही. गोळीचा गुण लवकर आला. १६ आठवड्यांनंतर मात्र तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते. खरी गंमत पुढे आहे. दहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा बरे झालेल्यांपैकी दुखणं उलटलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात बरंच कमी होतं. नॉर्वेत ३३,९०८ माणसांच्या नोंदी ११ वर्षं ठेवल्या गेल्या. त्यावरून निघालेला अंदाज असा: प्रत्येकाने आठवड्याला निदान एक तास अंग हलवलं असतं तर नैराश्याची १२ टक्के प्रकरणं टळली असती. दिवसाला नव्हे, आठवड्याला एक तास. आणि वेगाचा फारसा प्रश्न नव्हता. घाम निथळेपर्यंत पळालेल्याला वेगळं बक्षीस मिळालं नाही.

२०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ प्रयोगांचा गोषवारा आला. चालणं-धावणं, योगासनं, वजन उचलणं, नृत्य या सगळ्यांचा गुण दिसला. पण तोच गोषवारा प्रामाणिकपणे हेही सांगतो की बहुतेक प्रयोगांचा दर्जा बेताचा आहे. त्यात एक अडचण तर कधीच सुटण्यासारखी नाही: गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, व्यायामाच्या जागी खोटा व्यायाम देता येत नाही. आपण चाललो की नाही हे पायाला कळतंच. शरीरात नेमकं काय घडतं याबद्दलही वर्तमानपत्रांत 'एंडॉर्फिन, एंडॉर्फिन' असा गजर चालतो. प्रत्यक्षात रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, आणि धावण्यानंतरच्या हलकेपणाचं श्रेय आता शरीरात तयार होणाऱ्या भांगेसारख्या दुसऱ्याच रसायनांना देतात. वर्षभर नेमाने चाललेल्या वयस्क माणसांत मेंदूतला आठवणींचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्के वाढल्याचं २०११ मध्ये आढळलं. नैराश्यात हाच भाग आक्रसलेला दिसतो. एवढं पुरे. बाकीचं रसायनशास्त्र चौसाळ्याच्या बाजारातल्या बाईच्या कामाचं नाही.

तिच्या कामाचं जे आहे, ते गोव्यात घडलं.

नैराश्याची खोड अशी की ते माणसाचे पायच आधी काढून घेतं. उठवत नाही, अंघोळ करवत नाही, दारात उभं राहवत नाही. चौसाळ्याकडे कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. 'करमंना', 'जीव लागंना', 'हातापायात बळच न्हाई', 'डोकं जड पडलंय' असं म्हणतात, आणि सलाईन लावून घेतात. सलाईनने दोन दिवस बरं वाटतं. कुणीतरी शेजारी बसलेलं असतं, हेही त्यामागचं कारण असेल. अशा माणसाला "उठ, फिरून ये, आळस झटक" म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणं. घरोघरी हे रोज घडतं, तेही प्रेमापोटी. भगवद्गीतेचा पहिला अध्यायही गात्रं गळालेल्या माणसाचाच आहे, पण तिथे 'उठ' म्हणणाऱ्याने त्याच्याशी पुढे सतरा अध्याय बोलत बसण्याची तयारी ठेवली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

गोव्यात 'संगाथ' ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी हाच पेच हाती घेतला. तज्ज्ञ डॉक्टर मोजके. मग त्यांनी गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्याच्या ४९५ जणांवर हा प्रयोग झाला. पद्धत अगदी घरगुती. मन लागलं की कामाला लागू, हा क्रम उलटा करायचा. आधी एखादी बारीकशी कृती ठरवायची, मन लागो न लागो ती करायची, आणि पुढच्या भेटीला काय झालं ते सांगायचं. कुणासाठी ती कृती म्हणजे चर्चपर्यंत चालत जाणं, कुणासाठी बागेला पाणी, कुणासाठी बहिणीकडे जाऊन बसणं. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के दुखण्यातून बाहेर आलेले होते; नुसत्या नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांच्या त्या मुलखात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. उपक्रमाच्या नावात विसावाच आहे, हा योगायोग असला तरी छान आहे.

सरकारी पातळीवर २०१५ पासून आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प आहे. मराठवाड्यातले जिल्हे त्यात येतात. आशाताई घरोघरी जाऊन विचारतात: झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का? ज्यांना गरज दिसते त्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवतात. या आशाताईच्या पदरी लसीकरण, गरोदर बाया, सर्वेक्षणं असं ढीगभर काम. त्यात शेजाऱ्याच्या मनाचीही विचारपूस. पण गोव्याने दाखवलं ते हेच की, दाराशी येणारी ओळखीची बाई पांढऱ्या कोटाइतकीच कामाची ठरू शकते. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि मराठीतही. आणि चालू असलेली गोळी चालण्याच्या भरवशावर स्वतःच्या मनाने सोडायची नाही, हेही आशाताईच सांगू शकते, कारण तिचं ऐकतात.

चौसाळ्यासारख्या गावांतून पहाटे व्यायाम करणारं एक मोठं लष्कर रोज रस्त्यावर असतं, ते मात्र यातल्या कुठल्याच संशोधनात मोजलेलं नाही. भरतीची पोरं. मोबाइलची बॅटरी लावून, कडेकडेने, ट्रकच्या हेडलाइटमध्ये चमकत ती धावतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांच्यापुढे आदर्शही जिल्ह्यातलाच आहे: आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेला सहा-सहा किलोमीटर चालत-पळत जाणारा हा शेतकऱ्याचा पोरगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि नंतर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

साबळे हजारात एक. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचं धावणं फडातल्या घामाकडे झुकतं की दिंडीतल्या, हे सांगणं अवघड आहे. सोबत असते, हशा असतो, सूर्य उगवताना बघायला मिळतो. त्याच वेळी घड्याळ असतं, जागा थोड्या असतात, घरच्यांची नजर असते. खुल्या गटाला अठ्ठाविसाव्या वर्षी, राखीव गटांना तेहतिसाव्या वर्षी वय संपतं. त्या दिवसापासून पोरगा धावायचं थांबवतो. बूट माळ्यावर जातात. ज्या वयात हातात नोकरी नाही, लग्न जमत नाही, मित्र पुण्याला गेलेत, आणि मनाला धावण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, नेमक्या त्याच वयात धावणं सुटतं, कारण ते कधी स्वतःसाठी नव्हतंच. गावातल्या एखाद्या तालमीने किंवा क्रीडाशिक्षकाने 'वय संपलं तरी पहाटे ये, नव्या पोरांना वॉर्मअप शिकव' एवढं म्हटलं, तरी गोव्यातल्या त्या समुपदेशकांचंच काम होईल. त्याला अनुदान लागत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. भरतीची मुलगी धावली तर आता गाव मान देतं, तीच मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि सहज म्हणून फिरायला निघाली, तर "हिला काय काम नाही का?" हा प्रश्न वेशीपर्यंत तिच्या मागे जातो. रिकाम्या हातांनी चालणारी बाई गावाला खपत नाही. हातात घागर हवी, डोक्यावर भारा हवा, निदान देवळात जायचं ताट तरी हवं. बायका हे ओळखून आहेत. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला पायी जाणं, आषाढात दिंडीसोबत जाणं, श्रावणात एखाद्या देवाला पायी जाण्याचा नवस बोलणं, यातल्या कितीतरी वाटा भक्तीच्या आहेत हे खरंच. पण नवसाच्या आडून मिळालेला रिकाम्या हातांचा दिवस हाही त्यातला एक हिशेब असावा. तो कुणी बोलून दाखवत नाही, आणि दाखवूही नये.

पालखी चौसाळ्याला टेकली की गाव धावपळीत पडतं. कुणी पिठलं-भाकरी, कुणी चहा, कुणी गोडेतेलाची वाटी घेऊन येतं. ओसरीवर, देवळाच्या पायरीवर, दुकानाच्या फळीवर वारकरी पाय पसरून बसतात आणि गावातली माणसं त्यांच्या पोटऱ्या चोळून देतात; वय, जात, ओळख न विचारता. त्या रांगेत एखादी अशीही बाई असते, जिच्या टाचांच्या भेगा चालण्याने पडलेल्या नसतात. त्या फडातल्या चिखलाने आणि पाचटाने चार महिन्यांपूर्वीच पडलेल्या असतात. कुणीतरी पोरगी तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढे बसते. बाई आधी पाय आखडून घेते, "नको गं, माझं मी चोळीन" म्हणते. पोरगी ऐकत नाही. मग ती पाय सोडून देते, भिंतीला टेकते, आणि पालखी उठेपर्यंत तिला कुणी हाक मारत नाही.